फटफटीचा सायलेन्सर उजवीकडेच का

गेल्या उलंगवाडीपासून, म्हणजे कापसाचा हंगाम सरत आला तेव्हापासून, यंदाच्या पोळ्यापर्यंतचे माझे बहुतेक रविवार एकाच प्रश्नात गेले. वडिलांच्या बीएसए मोटारसायकलीच्या चेसिसमध्ये मी बसवलेल्या ट्रायम्फच्या इंजिनाला कोणते बेंड पाइप (इंजिनातला धूर सायलेन्सरपर्यंत नेणारे वाकवलेले पाइप) आणि कोणता सायलेन्सर लावायचा, हा तो प्रश्न. इंजिन बसवणे, त्यासाठी जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घेणे, चेनची रेषा जुळवणे ही कामे अवघड होती खरी, पण त्यांची उत्तरे मोजपट्टीने मिळत होती. धुराच्या मार्गाचे उत्तर मात्र मोजपट्टीने मिळेना, म्हणून ते कसे मिळाले हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. जुन्या इंग्रजी गाडीवर हात घालणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

आधी गाडीविषयी. वडिलांची बीएसए ए७ ही मागे स्विंग आर्म असलेली, १९५४ नंतरच्या घडणीची पाचशे सीसीची गाडी. तिचा कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फोडून बाहेर आला आणि ती कोठ्यात बैलांच्या शेजारी वर्षानुवर्षे उभी राहिली. नागपुरात जुन्या मालात मला ट्रायम्फ ६टी थंडरबर्डचे इंजिन मिळाले. एडवर्ड टर्नर यांनी १९३७ साली स्पीड ट्विन काढून दोन उभ्या सिलेंडरांच्या इंजिनाची जी वाट घालून दिली, तिच्यावरचेच हे ६४९ सीसीचे मोठे भावंड. ते १९४९ साली बाजारात आले आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या मोंलेरीच्या धावपट्टीवर तीन थंडरबर्ड गाड्यांनी पाचशे मैल ताशी नव्वद मैलांहून अधिक सरासरी वेगाने कापून दाखवले. इंग्लंडमध्ये अशा जोडगाड्यांना नावेही ठरलेली आहेत. ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये घातले की ती ट्रायटन, बीएसएच्या चेसिसमध्ये घातले की ट्रायबीएसए. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करून घ्यावी लागते, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांविषयीच आहे. ते काम मी सर्वांत आधी उरकले आणि इतरांनीही आधीच उरकावे.

अशा गाडीला तयार पाइप मिळत नाही. बीएसएचे बेंड पाइप हेडच्या, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणाच्या, भोकात नुसते ठोकून बसतात. ट्रायम्फच्या हेडमधून आखूड नळ्या बाहेर आलेल्या असतात आणि पाइप त्यांच्यावरून चढवून पंखेदार क्लॅम्पने आवळतात. म्हणजे बीएसएचा पाइप ट्रायम्फच्या हेडला लागत नाही. ट्रायम्फचा पाइप हेडला लागतो, पण त्याची वळणे समोर एकच नळी असलेल्या ट्रायम्फच्या चेसिसला धरून दिलेली असतात. बीएसएच्या चेसिसमध्ये समोरून दोन नळ्या उतरतात आणि इंजिनाची जागाही थोडी वेगळी पडते. त्यामुळे एकतर घ्यायचे आणि कापून जोडायचे, नाहीतर सगळेच नव्याने वाकवायचे.

मी घाई केली. एका शहरातल्या दुकानातून शर्यतीच्या गाड्यांसारखे दोन मेगाफोन आणले, दोन सरळ पाइप जोडले आणि टोकाकडे रुंद होत जाणारे ते कर्णे दोन्ही बाजूंना लावून टाकले. गाडी दिसायला देखणी झाली. पण जवळच्या वडकी गावाच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर दिला की इंजिन गुदमरायचे, कार्बोरेटरमधून पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर यायचा, आणि ॲक्सिलरेटर सोडला की फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज व्हायचा. आठवड्याभरात प्लग चुन्यासारखे पांढरे पडले आणि नवे क्रोम हेडपासून वीतभर निळे झाले.

त्याच आठवड्यात पांदणीवर कापसाने भरलेली एक बंडी समोरून आली. मी गाडी हळू केली, म्हणजे नेमका ॲक्सिलरेटर सोडला, आणि दोन्ही कर्ण्यांनी एकदम बार काढला. बैल बुजले आणि बंडी धुऱ्यावर चढून कलंडली. बंडीवाल्याला लागले नाही, बैलांनाही लागले नाही, पण वेचणीचा कापूस चिखलात गेला. आम्ही दोघांनी मिळून तो भरला. माती लागलेल्या कापसाचा भाव काय होतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको, म्हणून मी नुकसानीचे पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, बैल बुजले तं बुजले, पन ढोरायचं काळीज आपल्यावानीच असते." मी घरी येऊन त्याच संध्याकाळी दोन्ही मेगाफोन उतरवले.

त्यानंतर मी शांतपणे वाचायला बसलो. माझ्या बाबतीत नेमके काय चुकले होते ते इथे मांडतो, कारण सायलेन्सर म्हणजे केवळ आवाज दाबण्याचा डबा नव्हे, हे मला तेव्हा प्रथम नीट कळले. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की धुराबरोबर दाबाची एक लाट पाइपात सुटते. तापलेल्या वायूत ती सेकंदाला सुमारे पाचशे मीटर धावते. पाइपाच्या उघड्या टोकाशी पोहोचली की ती उलटून परत येते आणि परतताना दाबाऐवजी ओढ घेऊन येते. ही ओढ जर दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना हेडपाशी पोहोचली, तर उरलासुरला धूर ती बाहेर खेचते आणि ताजे मिश्रण आत यायला मदत करते. चुकीच्या वेळी पोहोचली तर मदत तर होत नाहीच, उलट दाबाची पुढची लाट धूर पुन्हा आत ढकलते. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) एक फेरी सेकंदाच्या बारा हजारांशांत पूर्ण होते, आणि मीटरभर लांबीच्या पाइपात लाटेला जाऊन येण्यास चार हजारांश लागतात. लाटेचा वेग साधारण तोच राहतो, फेऱ्यांचा वेग मात्र बदलतो. म्हणून ठरावीक लांबीचा पाइप ठरावीक फेऱ्यांवरच नीट साथ देतो.

मेगाफोन ही ओढ फार जोरकस करतो, पण ती वरच्या फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यात. शर्यतीचा चालक इंजिन त्या पट्ट्याखाली येऊच देत नाही. मी कुठे चालवणार होतो? घरापासून तीन किलोमीटर पांदण, तिथे पहिला-दुसरा गिअर. पुढे वडकीपर्यंत डांबरी, तिथे पन्नास-साठचा वेग. महिन्यातून एखाद वेळी राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून हिंगणघाटला जाताना ऐंशी-नव्वद. म्हणजे माझे इंजिन आयुष्यभर दोन ते साडेतीन हजार फेऱ्यांत राहणार. थंडरबर्डचे चौतीस अश्वबळ ६३०० फेऱ्यांवर मिळते आणि तिथवर मी कधी जाणार नाही. हे लिहून काढल्यावर अर्धा निर्णय आपोआप झाला. मला खालच्या फेऱ्यांत ओढणारा पाइप हवा होता, आणि त्यासाठी व्यास लहान ठेवणे भाग होते. अरुंद पाइपात धुराचा वेग टिकतो आणि पिकअप चांगले मिळते. रुंद पाइप वर मोकळा श्वास देतो, पण खाली धूर सुस्तावतो. पावणेदोन इंची बेंड पाइप दिसायला भारदस्त दिसतात, म्हणून अनेक जण ते लावतात. माझ्या मते रस्त्यावरच्या साडेसहाशेला दीड इंच पुरेसे आहे आणि तेच योग्य आहे.

आमच्या मिस्त्रीकाकांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर, डिझेल पंप आणि राजदूत दुरुस्त केल्या आहेत. मेगाफोन आणले तेव्हाच ते म्हणाले होते, "गुरुजी, पाइप आपल्या डोयाले इचारून नाही घेत, इंजिनाले इचारून घेतेत." तेव्हा मी ते मनावर घेतले नव्हते.

आता प्रश्न मांडणीचा. पहिला पर्याय कारखान्याने दिला तसा होता, दोन्ही बाजूंना खालून जाणारे दोन पाइप आणि दोन सायलेन्सर. १९६९ च्या गाड्यांपासून ट्रायम्फने हेडजवळ दोन्ही पाइप एका आडव्या नळीने जोडले. त्यामुळे एकेका सिलेंडरच्या धुराला दोन्ही सायलेन्सरांची जागा मिळते आणि आवाज खाली येतो. ही सोय मला फार आवडली आणि बराच काळ मी तिकडेच झुकलो होतो. दुसरा पर्याय अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यतींसाठी निघालेल्या ट्रायम्फसारखे उंच पाइप. आमच्या पांदणीतल्या चाकोऱ्या, पावसाळ्यातले नाले आणि काळ्या मातीचा गारा पाहता उंच पाइप पटण्यासारखे होते. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मांडीशेजारी तापलेला पाइप घेऊन कोण बसेल? शिवाय वाळलेले गवत आणि पऱ्हाटीची गंजी यांच्या उंचीला इतका तापलेला पाइप नेणे मला सुरक्षित वाटले नाही.

निर्णय शेवटी घरातून आला. माझी पत्नी आणि आई मागे एका बाजूला बसतात, पाय डावीकडे सोडून, आणि आमच्याकडच्या बहुतेक बायका तशाच बसतात. डावीकडे चेन आहे, तिला साडीची जाळी लावता येते. पण सायलेन्सरला काय लावणार? पायाची पोटरी आणि साडीचा काठ नेमके त्याच्यावर येतात. आपल्या बहुतेक देशी मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे का असतो, याचे मला तरी हेच सर्वांत पटणारे कारण वाटते. दोन पाइपांच्या इंग्रजी गाडीत ही सोय नाही, कारण तिथे मागे बसणारा पाय दोन्हीकडे टाकून बसायचा. डावी बाजू मोकळी हवी हे एकदा ठरल्यावर दोन पाइप समोरच एकत्र करून उजवीकडून एकच सायलेन्सर नेणे, ज्याला तिकडे सायमीज म्हणतात, हाच मार्ग उरला. बीएसएनेच १९६२–६३ च्या रॉकेट गोल्ड स्टारला ही मांडणी दिली होती, म्हणजे त्या चेसिसला ती परकीही नव्हती.

या इंजिनाला सायमीज शोभतो याचे कारण त्याच्या क्रँकमध्ये आहे. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात आणि एकाच वेळी खाली जातात, पण पेट एका फेरीला एकात आणि पुढच्या फेरीला दुसऱ्यात होतो. त्यामुळे धुराचे धक्के अगदी समान अंतराने येतात आणि एकाचा धक्का निघून गेल्यावरच दुसऱ्याचा येतो. जोडाच्या पुढे दुप्पट पाइप लागत नाही तो याचमुळे. दीड इंची दोन पाइप मी पावणेदोन इंची एका पाइपात उतरवले आहेत. पत्रा सोळा गेजचा धरला तर आतले क्षेत्रफळ सुमारे १.४ पट होते आणि तेवढे पुरते. सायमीजने वरच्या फेऱ्यांत थोडी ताकद जात असेल, पण त्या फेऱ्या माझ्या कामाच्या नाहीत.

पाइप वाकवण्याचे काम मिस्त्रीकाकांच्या ओळखीच्या एका वेल्डरकडे झाले. आधी जाड तार वाकवून साचा केला. गाडीची पुढची स्प्रिंग पूर्ण दबली तर मडगार्ड कुठवर येते ते पाहण्यासाठी आम्ही पुढचा काटा दोराने खाली ओढून बांधला, कारण डावीकडचा पाइप इंजिनासमोरून उजवीकडे जातो आणि खड्ड्यात चाक त्यावर आदळले तर सगळी मेहनत वाया जाणार. किकचा दांडा पूर्ण खाली नेऊन तिथेही तार तपासली. पाइप आणि दांडा यांच्यात बोटभर जागा राहिली. मग वर्धा नदीची रेती चाळून लोखंडी कढईत चुलीवर भाजली. वेल्डर मूठभर रेती काचेच्या तुकड्यावर टाकून पाहायचा आणि काचेवर दमटपणाची वाफ धरेनाशी होईपर्यंत पुन्हा भाजायचा, कारण ओल राहिली तर तापल्यावर तिची वाफ होते आणि बंद पाइपाची खुंटी गोळीसारखी उडते. पाइपाच्या एका तोंडात बाभळीची खुंटी ठोकली, रेती भरत गेलो आणि लाकडी हातोड्याने पाइपाला सतत ठोकत राहिलो. आधी भदभद असा पोकळ आवाज येत होता, रेती बसत गेली तसा तो घट्ट झाला, आणि लाकडावर लाकूड आपटल्यासारखा लागला तेव्हा दुसरी खुंटी ठोकली. पाइपाची जोडरेषा वळणाच्या आतही नाही आणि बाहेरही नाही, अशी बाजूला ठेवली. गॅसच्या बत्तीखाली पाइप पळसफुलासारखा झाला की दोघांनी हळूहळू तारेच्या साच्यावर आणायचा, काळा पडू लागला की थांबायचे आणि पुन्हा तापवायचे. हायड्रॉलिक यंत्रावर वाकवलेला पहिला पाइप वळणात चपटा झाला होता. हा मात्र कॅलिपरने मोजला तर वळणातही मिलिमीटरभरापेक्षा जास्त दबला नाही.

जोड तीस अंशांहून कमी कोनात केला आणि वेल्डिंगचे आतले टोक घासून काढले, कारण तिथे राहिलेली कडा धुराच्या वाटेत बांध घातल्यासारखी होते. उजवा फाटा आखूड आणि डावा साधारण वीतभर लांब पडला. दोन्ही सारखे करायचे तर उजव्याला नागमोडी वळणे द्यावी लागली असती. तेवढ्यासाठी गाडीचे रूप बिघडवणे मला मान्य झाले नाही.

सायलेन्सर निवडताना आतला भाग पाहिल्याशिवाय घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. एका प्रकारात आत पडदे आणि खोल्या असतात. धूर वळणे घेत जातो, आवाज बराच दबतो, पण वाट अडखळते. दुसऱ्या प्रकारात मधोमध भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती ग्लास वूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, भरलेले असते. धूर सरळ जातो आणि आवाजाची तीक्ष्णता त्या वूलमध्ये जिरते. बर्जेस नावाने ओळखले जाणारे जुने इंग्रजी सायलेन्सर या दुसऱ्या तत्त्वावरचे होते. मी लांब, मोठ्या पोटाचा, दुसऱ्या प्रकारचा घेतला आणि त्याच्या मागच्या टोकाला एकच पडदा बसवून घेतला. पोट मोठे असले की आवाज अडवण्यासाठी वाट अरुंद करावी लागत नाही. या प्रकाराची एक अट आहे. इंजिन तेल जाळत असेल तर वूल तेलाने भिजते आणि वर्षभरात त्याचा उपयोग संपतो. मागचे टोक स्क्रूने उघडेल असे करून घेतले आहे ते त्यासाठीच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर बंधनकारक करतो, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा. पण मला त्या नियमाइतकीच त्या बंडीची आठवण होती.

सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचे एक छिद्र पाडले आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात ते बाहेर जाते, पण घर ते शाळा अशा तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि ते पाणी आत साचून पत्रा आतून खाते. थंडीच्या सकाळी त्या छिद्रातून टपटप पाणी पडताना दिसते, तेव्हा तेवढा गंज बाहेर जातो आहे असे मला वाटते.

बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. सगळे नट हाताने सैल लावायचे, मग हेडपासून मागे मागे येत आवळायचे, आणि शेवटचा मागचा ब्रॅकेट आवळताना पाइपाला किंचितही ओढ बसता कामा नये. ओढ बसली तर तिचा भार हेडमधल्या आखूड नळीवर येतो. हे इंजिन चांगलेच थरथरते, म्हणून सायलेन्सर रबराच्या गुटक्यावर टांगला आहे. पहिला ब्रॅकेट सरळ लोखंडी पट्टीचा होता, तो दोनशे किलोमीटरवर तडकला.

कार्बोरेटरला शेवटी हात लावला. कार्बोरेटर अमल मोनोब्लॉक आहे. त्याचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, मेगाफोनच्या वेळी २३० चा होता; आकडा मोठा तसे पेट्रोल जास्त. नव्या पाइपावर २४० चा लावून प्लग पाहिले, मग २५० चा लावला. आता प्लगचे टोक भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाचे आहे. क्रोम मी केले नाही, उष्णता सोसणारा काळा रंग दिला, कारण समोरून आडवा जाणारा पाइप पावसाळ्यात चाकाने उडवलेली काळी माती अंगावर घेतो आणि ती तापून विटेसारखी बसते. ती लाकडी पट्टीने खरवडावी लागते, आणि क्रोमवर ते करवले नसते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच पांदणीवर तीच बंडी पुढे चालली होती. मी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून, बाजूने पुढे गेलो. डाव्या बैलाने कान मागे केले आणि पुन्हा पुढे घेतले. बंडी चालत राहिली. आवाज आता जाड आणि सलग आहे, चढावर दोन हजार फेऱ्यांपासून इंजिन न कुरकुरता ओढते, आणि आई डावीकडे पाय सोडून निर्धास्त बसते.

पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासले. डावीकडचा होता तसाच होता. उजवीकडच्या हेडच्या क्लॅम्पला पाव फेरी द्यावी लागली, आणि त्याच्या जोडावर काजळीची एक बारीक रेघ दिसली. ती पुसून ठेवली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा उमटली तर तो पाइप उतरवून त्याचे तोंड पुन्हा घडवून घेईन.